परक्या यंत्रासाठी

आमच्या गावाला जुनी माणसे अजून टाळगाव चिखली म्हणतात. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांच्या हातचा टाळ इथे पडला, अशी गावाची श्रद्धा आहे. देहू इथून जवळच, आणि इंद्रायणी दोन्ही गावांना शिवून जाते. हल्ली मात्र गावाची ओळख टाळावरून होत नाही. चिखली, कुदळवाडी, तळवडे, भोसरी या पट्ट्यात पत्र्याच्या शेडमधून डाय, जिग, फिक्स्चर घडतात आणि ट्रकमधून चाकणकडे किंवा त्याहून लांब निघून जातात. डाय घासणाऱ्या कारागिराने ती ज्या प्रेसवर चढणार तो प्रेस कित्येकदा पाहिलेलाही नसतो. आपल्या हातातल्या यंत्रावर, कधी न पाहिलेल्या दुसऱ्या यंत्रासाठी वस्तू घडवायची, ही या भागाची रोजचीच रीत आहे.

संगणकाच्या जगातही नेमकी हीच रीत चालते, आणि तिला सत्तरएक वर्षांचा इतिहास आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. संगणकाचा इतिहास म्हटला की लोक यंत्रांची वंशावळ सांगू लागतात. अमुक साली अमुक यंत्र आले, मग त्याहून वेगवान आले, मग ते खिशात मावू लागले. माझ्या मते ही वंशावळ अर्धीच आहे. यंत्र जन्माला आले तरी ते मुके असते. त्याला बोलते करणारी अवजारे त्याच्या आधी, दुसऱ्याच कुठल्यातरी यंत्रावर तयार व्हावी लागतात. त्या अवजारांचा इतिहास हा या लेखाचा विषय.

प्रत्येक प्रोसेसरची आज्ञावली वेगळी असते. आपल्या टेबलावरच्या संगणकाला जे कळते ते मोटारीच्या बॉनेटखालच्या छोट्या चिपला कळत नाही. माणूस जो प्रोग्राम लिहितो तो दोघांनाही कळत नाही. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कंपाइलर. साधारणतः कंपाइलर ज्या यंत्रावर चालतो त्याच यंत्रासाठी रूपांतर करतो. परंतु छोट्या चिपवर कंपाइलर चालायला ना पुरेशी स्मृती असते, ना डिस्क, ना कळफलक. तेव्हा मोठ्या यंत्रावर बसून छोट्या यंत्राच्या भाषेत रूपांतर करून द्यायचे आणि तयार माल तिकडे पाठवायचा. यालाच क्रॉस-कंपाइल म्हणतात. शब्द परका असला तरी कल्पना कुदळवाडीच्या कोणत्याही टूलरूमला समजावून सांगावी लागणार नाही.

१९६०नंतरच्या दशकात चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानातला संगणक पाहा. त्याचे प्रोग्राम त्याच्यावर लिहिले गेलेच नाहीत. मॅसॅच्युसेट्सच्या प्रयोगशाळेत हनीवेल कंपनीच्या खोलीभर संगणकावर ते यंत्रभाषेत उतरवले जात, आणि मग कारखान्यातल्या बायका तांब्याची तार चुंबकी कड्यांतून, कुठे आतून तर कुठे बाहेरून, ओवून तो प्रोग्राम अक्षरशः विणत. एकदा विणला की बदल नाही. एका यंत्रावर घडलेली वस्तू दुसऱ्या यंत्रात बसवण्याचे याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

दुसरे उदाहरण आज साऱ्या जगावर सावली धरून आहे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांना पीडीपी-७ नावाचे एक अडगळीतले छोटे यंत्र मिळाले. त्यावर कामाची अवजारे नव्हती. त्यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या मोठ्या जीई-६३५ यंत्रावर प्रोग्राम लिहिले, तिथेच ते पीडीपी-७च्या भाषेत उतरवले, कागदी फितीवर भोके पाडून घेतली आणि ती फीत उचलून छोट्या यंत्राकडे नेली. असे हेलपाटे घालता घालता छोट्या यंत्रावर एक संपादक, एक असेम्बलर, एक साधा शेल आणि चार किरकोळ अवजारे उभी राहिली. त्या दिवसापासून फितीचे हेलपाटे बंद झाले. यंत्र स्वतःच्या पायावर उभे राहिले. युनिक्सचा जन्म तो हाच. आजच्या लिनक्सची आणि म्हणून आपल्या खिशातल्या बहुतेक फोनांची कुळी तिथपर्यंत जाते.

प्रोग्राम लहान असेतोवर फीत हातात घेऊन चालणे ठीक होते. फायली शेकड्यांनी वाढल्या तेव्हा कोणती आधी आणि कोणती मागून घडवायची, हे माणसाच्या ध्यानात राहीना. १९७६ साली बेल प्रयोगशाळेतच स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचा प्रोग्राम लिहिला. निमित्त गमतीचे होते. एका सहकाऱ्याने एक दोष दुरुस्त केला होता, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायचे राहून गेले आणि त्याची सारी सकाळ दुरुस्त झालेलाच दोष शोधण्यात गेली. मेक हे ध्यान ठेवतो: काय कशावर अवलंबून आहे आणि कोणते शिळे झाले आहे. त्याच्या फायलीत ओळीच्या आरंभी टॅब दाबावाच लागतो, साधी मोकळी जागा चालत नाही. हा नियम बदलावा असे फेल्डमन यांनाही लवकरच वाटले, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून तो तसाच राहिला. त्या डझनभरांच्या सोयीचा भुर्दंड पुढे लाखो प्रोग्रामरांनी भरला आहे. इतिहासात घटनांपेक्षा भिडस्तपणाचे परिणाम अधिक टिकतात की काय, असे अशा वेळी वाटून जाते.

आता मुख्य पात्राकडे येतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू या मुक्त प्रणालीची घोषणा केली. त्यांना पहिली गरज भासली ती कंपाइलरची. अ‍ॅम्स्टरडॅमच्या एका विद्यापीठाचा तयार कंपाइलर मागून पाहिला, तो मुक्त नव्हता. लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेचा दुसरा एक घेऊन पाहिला, तर त्याची स्मृतीची भूक हाताशी असलेल्या यंत्राला भागवता येईना. अखेर त्यांनी नवा लिहिला आणि १९८७ साली जीसीसी प्रसिद्ध झाला. हा कंपाइलर कोणालाही घेता, वाचता, बदलता येत होता. शिवाय त्याच्या रचनेत एक दूरदृष्टी होती: यंत्राचे वर्णन एका बाजूला आणि भाषांतराची युक्ती दुसऱ्या बाजूला. नवा प्रोसेसर आला की त्याचे वर्णन लिहायचे, बाकीचा सांगाडा तोच. १९८९ साली तीन जणांनी सिग्नस नावाची कंपनी काढली आणि तिचा चरितार्थ बव्हंशी असल्याच कामावर चालला. चिप बनवणारी कंपनी पैसे देई आणि सिग्नस त्या चिपसाठी जीसीसी जुळवून देई. फुकट वाटायच्या वस्तूवर धंदा कसा चालेल, असे विचारणाऱ्यांना ते उत्तर होते.

जीसीसी घडवायला बसले की आरंभीच तीन नावे सांगावी लागतात: बिल्ड, होस्ट आणि टार्गेट. ज्या यंत्रावर कंपाइलर घडतो ते बिल्ड, घडलेला कंपाइलर ज्यावर चालणार ते होस्ट, आणि तो ज्याच्या भाषेत प्रोग्राम उतरवणार ते टार्गेट. तिन्ही एकच असली तर काम सरळ. पहिली दोन एक आणि तिसरे निराळे, तर नेहमीचा क्रॉस-कंपाइलर. आणि तिन्ही तीन असली, तर त्या प्रकाराला 'कॅनेडियन क्रॉस' असे नाव आहे. का, तर हा शब्द रूढ झाला तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते! तांत्रिक जगाचे विनोद बहुधा फिके असतात, पण हा एक मला आवडतो.

खरी मेख पुढे आहे. टार्गेटसाठी पूर्ण कंपाइलर घडवायचा तर टार्गेटचे सी-ग्रंथालय, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामला लागणाऱ्या मूलभूत क्रियांचा साठा, आधी हवा. आणि ते ग्रंथालय टार्गेटच्या भाषेत उतरवायचे तर टार्गेटचा कंपाइलर आधी हवा. आधी कोंबडी की आधी अंडे? यातून वाट काढली जाते ती अशी. प्रथम टार्गेटचा असेम्बलर आणि लिंकर घडवायचे. मग त्यांच्या आधारे एक अपुरा, पांगळा कंपाइलर करायचा; त्याला ग्रंथालयाची जाण नसते, फक्त आज्ञा उतरवता येतात. टार्गेटवरच्या लिनक्सच्या आणि ग्रंथालयाच्या नुसत्या घोषणा असलेल्या फायली मांडून ठेवायच्या. त्या पांगळ्याकडून ग्रंथालय घडवून घ्यायचे. आणि मग त्या ग्रंथालयावर टेकून तोच कंपाइलर दुसऱ्यांदा, या खेपेला पुरा, घडवायचा. पांगळ्याचे काम तिथे संपते. पुढे त्याला कोणी विचारत नाही.

हे मी एकदा एका निवृत्त फिटरांना सांगितले. त्यांनी सारा जन्म सरफेस प्लेटवर निळ लावून पाते ओढण्यात घालवला होता. ते म्हणाले, "आमच्याकडे तीन प्लेटा घेतात." पहिली सपाट प्लेट सपाट प्लेटवाचून कशी करायची, हा यांत्रिकीचा जुना पेच आहे. दोन प्लेटा एकमेकींवर घासल्या तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही त्या एकमेकींत बिनबोभाट बसतात. तीन घेऊन आळीपाळीने जोडीजोडीने जमवल्या, तर तिन्ही सपाट झाल्यावाचून सर्व जोड्या जमतच नाहीत. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४०मध्ये ही रीत जगापुढे मांडली. हत्यार घडवायला लागणारे हत्यार आधी कुठून आणायचे, या प्रश्नाला माणसाने दिलेली जी थोडी प्रामाणिक उत्तरे आहेत त्यांत हिचा क्रम वरचा लागेल.

चिखलीच्या उशाशी याच उत्तराचा एक भव्य नमुना उभा आहे. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९६६ साली पिंपरी-चिंचवडला आली. परंतु पुण्याच्या कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ साली. मधल्या अकरा वर्षांत काय झाले? सुमंत मुळगावकरांनी आधी माणसे शिकवणे आणि हत्यारे घडवणे यांवर भर दिला. मालमोटार घडवणारी यंत्रे, डाय आणि फिक्स्चर घडवण्याचा विभाग आधी उभा राहिला. आजूबाजूच्या शेडमध्ये आज जे कौशल्य दिसते त्याची बरीच पाळेमुळे या अकरा वर्षांत आहेत, असे मला वाटते. वाहनांची संख्या मोजणाऱ्यांना ही वर्षे रिकामी दिसतील.

संगणकाच्या बाबतीत आपल्याकडे असे काही झाले का? झाले, पण तुटक तुटक. १९८०नंतरच्या दशकात आपल्याला हवा त्या ताकदीचा अमेरिकेचा क्रे महासंगणक मिळेना. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, विजय भटकर तिचे प्रमुख झाले, आणि १९९१ साली परम ८००० उभा राहिला. या यंत्राची कथा वृत्तपत्रांनी राष्ट्राभिमानाच्या अंगाने पुष्कळ सांगितली. तिच्यातला माझ्या विषयाचा धागा मात्र मागे पडला. परमचा कणा होता ट्रान्सप्युटर, ब्रिस्टॉलच्या इनमॉस कंपनीची चिप. तिला शेजारच्या चिपांशी बोलायला चार दुवे असत. अशा चिपांच्या जाळ्यात प्रत्येकीला स्वतःचा पडदा नाही, डिस्क नाही. प्रोग्राम शेजारच्या यजमान संगणकावर तयार व्हायचा आणि दुव्यांतून एका चिपमागून दुसरीत उतरायचा. म्हणजे चिपा विकत आणता आल्या तरी तेवढ्याने भागणार नव्हते. यजमानावर बसून चौसष्ट मुक्या पाहुण्यांसाठी लिहिण्याची सोय करावी लागली, आणि सी-डॅकने त्यासाठी 'परस' नावाचे सॉफ्टवेअर रचले. लोखंडाला सोने करणाऱ्या परिसाची आठवण देणारे हे नाव ज्याने ठेवले, त्याला यंत्र आणि अवजार यांतला फरक चांगला कळला असावा.

पवईला आणखी एक परंपरा शांतपणे चालू होती. मुंबईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे यांनी कंपाइलरच्या शास्त्रावर संशोधन केले, पाठ्यपुस्तके लिहिली. पुणे विद्यापीठात काही वर्षे शिकवून २००१ साली तिथे गेलेले उदय खेडकर यांनी पुढे जीसीसीचाच अभ्यास हाती घेतला. त्यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने कार्यशाळा घेतल्या आणि व्याख्यानांची टिपणे सर्वांना खुली ठेवली. मी जे काही शिकलो त्यात या टिपणांचा वाटा मोठा आहे. त्यांचे वैशिष्ट्य असे, की लक्षावधी ओळींच्या या जंगलात शिरताना ते आधी वाट दाखवतात. कंपाइलर कसा कॉन्फिगर करायचा, बिल्ड-होस्ट-टार्गेट म्हणजे काय, क्रॉस-कंपाइलर कोणत्या क्रमाने उभा करायचा, याला स्वतंत्र जागा आहे. नव्या यंत्राचे वर्णन एकदम पूर्ण लिहू नका, पायरीपायरीने वाढवा, हेही तिथेच सापडते: आधी रिकामा प्रोग्राम उतरावा, मग बेरीज, मग जर-तर, मग इतर. विद्यार्थ्यांना नव्या चमकदार गोष्टींचा सोस असताना कॉन्फिगरसारखा रूक्ष विषय शिकवायला घेणे, याला मी मोठे काम मानतो.

याचे फळ काय, असे कोणी विचारील. २०१९ साली त्याच आयआयटीत माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेला 'अजित' हा प्रोसेसर जाहीर झाला. चिप घडली मोहालीच्या सरकारी कारखान्यात. तिची आज्ञावली मात्र त्यांनी नवी शोधली नाही. स्पार्क व्ही-८ ही जुनी, खुले मानक असलेली आज्ञावली घेतली. स्वदेशीच्या अभिमान्यांना यात उणेपणा वाटेल. मला ते शहाणपण वाटते. स्पार्कसाठी जीसीसी पूर्वीपासून आहे, त्यामुळे चिप हाती येताच तिच्यासाठी प्रोग्राम उतरवता येतात. नवी आज्ञावली काढली असती तर चिप तयार होऊन मुकी बसली असती आणि अवजारे घडवण्यात पुढची कितीतरी वर्षे गेली असती.

आता थोडे जमिनीवर येऊ. मी इथल्या वर्कशॉपांतल्या यंत्रांना छोटे बोर्ड बसवून देतो. स्पिंडल किती तास फिरला, किती नग निघाले, एवढेच ते मोजतात. बोर्डावर लिनक्स चालतो, आणि तो सारा टेबलावरच्या संगणकावर घडवून तिकडे उतरवावा लागतो. मोठा मुक्त प्रकल्प असा परक्या यंत्रासाठी घडवताना अडचण कुठे येते, हे सांगतो. १९९१पासून अशा प्रकल्पांबरोबर डेव्हिड मॅकेन्झी यांच्या ऑटोकॉन्फने तयार केलेली 'कॉन्फिगर' नावाची फाइल येऊ लागली. ती घडवण्यापूर्वी यंत्राची झडती घेते: हे आहे का, ते चालते का. काही प्रश्नांची उत्तरे ती छोटा प्रोग्राम चालवूनच मिळवते. पण टार्गेटचा प्रोग्राम टेबलावर चालतच नाही! मग ती अंदाज करते किंवा अडून बसते, आणि उत्तर आपल्याला आधी हाताने लिहून द्यावे लागते. दुसरा धोका याहून लबाड. ग्रंथालय शोधायला निघालेला प्रोग्राम टार्गेटसाठी मांडलेली फडताळे सोडून घरच्याच फडताळात हात घालतो. बहुतेक वेळा लिंकर ओरडतो आणि चूक तिथेच सापडते. पण घोषणांची फाइल घरची आणि ग्रंथालय पाहुण्याचे असे झाले, तर कोणी ओरडत नाही. प्रोग्राम घडतो, बोर्डावर चढतो आणि तिसऱ्या दिवशी नगांची संख्या भलतीच दाखवतो. तेव्हा टार्गेटचे सारे जग एका वेगळ्या मुळाखाली बंद करून ठेवावे आणि घरच्या फडताळांना कुलूप लावावे, ही शिस्त पाळावी लागते.

परंतु या साऱ्यापेक्षा मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. काही वर्षांपूर्वी इथल्या एका कारखानदाराच्या यंत्राचे पॅनेल बंद पडले. पॅनेल पुरवणाऱ्या कंपनीने पूर्वी सोर्सकोड दिलेला होता, सीडी कपाटात होती. कोणत्या कंपाइलरने, कोणत्या पर्यायांनी, कोणत्या ग्रंथालयांसह तो घडवला होता, याची मात्र एक ओळही त्यात नव्हती. हजारो फायली समोर, आणि त्यांतून चालते यंत्र निघेना. कारखानदारांनी अखेर नवे पॅनेल घेतले. त्यांचे त्या तिमाहीचे पैसे त्यात गेले. वास्तविक लिनक्स ज्या परवान्याखाली आहे त्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत, जून १९९१मध्येच, पुरा सोर्सकोड कशाला म्हणावे हे सांगताना कंपाइल करणे आणि बसवणे यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या फायलींचाही समावेश केलेला आहे. लिहिणाऱ्याला ठाऊक होते, की नुसता मजकूर म्हणजे अवजार नव्हे. आपल्याकडे हे कलम पुरवठादारही वाचत नाहीत आणि गिऱ्हाईकही मागत नाही. इतिहासाची साधने जपताना आपण बखरी जपल्या आणि टाकसाळीचे ठसे वितळवले, तसाच हा प्रकार आहे.

२०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडी-चिखलीतील हजारो अनधिकृत शेड पाडली. त्या कारवाईच्या न्याय-अन्यायात मी इथे शिरत नाही. यंत्रे ट्रकवर चढून गेली ती माझ्या ओळखीच्या काही जणांनी चाकणच्या पुढे, काहींनी गावाकडे नेली. लेथ कुठेही बसवता येते. पण फिक्स्चरच्या ड्रॉइंगची भेंडोळी, कोणत्या डायला किती शिम लागते हे पेन्सिलीने लिहिलेल्या वह्या, यांतले बरेच त्या आठवड्यात पावडर झालेल्या विटांखाली गेले. माझे बोर्ड जिथे जिथे गेले तिथे त्यांच्यासोबत मी आता एक पातळ वहीही पाठवतो: कंपाइलरची आवृत्ती, तीन यंत्रांची तीन नावे, हाताने लिहून दिलेली उत्तरे आणि कोणत्या क्रमाने काय घडवायचे ते. वही मराठीत आहे. आज्ञा तेवढ्या जशाच्या तशा रोमन लिपीत, कारण कंपाइलरला तेवढेच कळते.